पहाटे सहाला आलेल्या आणि संध्याकाळी सहालाही न गेलेल्या पाहुण्यांस

प्रति,
समस्त पाहुणे मंडळी,
मुक्काम पुणे, मुंबई, पिंपरी-चिंचवड आणि जिथून म्हणून गाडी निघते ती सर्व गावं.

विषय : दुपारी एकच्या आत येऊ नये आणि सकाळी अकरानंतर थांबू नये, या आमच्या उद्धट अपेक्षेबद्दल.

संदर्भ : आपला शनिवारी पहाटे पाच पन्नासचा फोन, ‘काकू, आम्ही गेटवर आहोत.’

सप्रेम नमस्कार.

आपण आलात, आनंद झाला. खोटं सांगत नाही. फक्त तो आनंद दुपारी एकला झाला असता तर जरा टवटवीत असता. पहाटे पाच पन्नासला आमच्याकडे आनंदाची सोय नसते. त्या वेळी तुमच्या खोलीत आदल्या रात्रीचे पाहुणे घोरत असतात आणि त्या घोरण्याचे पैसे त्यांनी आगाऊ भरलेले असतात. ही अडचण मी फाटकातच सांगितली, तेव्हा तुम्ही मोठ्या मनानं म्हणालात, ‘काही हरकत नाही काकू, आम्ही हॉलमध्ये बसतो.’ आमच्या घराला हॉल एकच. त्यात सासूबाईंची कॉट आहे, आणि कॉटवर सासूबाई.

तुम्ही सहा जण कॉटभोवती कोंडाळं करून बसलात. सासूबाईंनी डोळे उघडले, तुमच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, ‘कोण गेलं गं?’

बुकिंग करताना मी ‘होस्ट’ असते. दर कमी करून हवा असतो तेव्हा ‘मॅडम’ होते. आणि वेळ वाढवून हवी असली की त्याच क्षणी ‘काकू’. माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेला, डोक्यावरचं छप्पर गेलेला गृहस्थ ‘काकू, जरा ॲडजस्ट करा ना’ म्हणत दारात उभा राहिला की समजावं, ही खोली चारच्या आत रिकामी होत नाही.

तुमच्या फोनांची भाषाही आता आम्हाला येऊ लागली आहे. ‘निघालो’ म्हणजे बॅगा भरायच्या आहेत. ‘हायवेला लागलो’ म्हणजे नवले पुलावर पुढची गाडी हलायची वाट बघताय. ‘टोल ओलांडला’ म्हणताना कोणता ते तुम्ही सांगत नाही. खेड शिवापूरचा टोल आणि आनेवाडीचा टोल यांच्यामध्ये शिरवळचा चहा, अख्खा खंबाटकी घाट आणि ‘पोराला उलटी आली’ एवढा मुलूख आहे. ‘दहा मिनिटांत पोचतो’ हे लिंब खिंडीतून बोललेलं वाक्य साताऱ्याच्या वेशीपर्यंत खरं ठरू शकतं. आमच्या दारापर्यंत नाही, कारण मध्ये शहर, मग यवतेश्वरचा घाट, आणि घाटात सप्टेंबरचं धुकं. एकच वाक्य मी डोळे मिटून खरं मानते : ‘खंबाटकीत अडकलोय.’ तिथं खोटं बोलायची कुणावर वेळच येत नाही.

बरं, लवकर येणारे एक परवडले. संध्याकाळी सहा सांगून रात्री साडेबाराला येणाऱ्यांचा पंथ निराळा. त्यांच्यासाठी पिठलं दोनदा गरम होतं, भाकरीचा कडक पापड होतो आणि आमचे हे बॅटरी घेऊन रस्त्यावर उभे राहतात, कारण वर धुक्यात पाटी दिसत नाही आणि फोनला रेंज मिळेलच असं नाही. यावर उपाय म्हणून मुलीनं दाराला नंबरचं कुलूप आणून लावलं. नंबर आधी मेसेजनं जातो. पाहुण्यानं आपलं आपण उघडावं, कुणाची झोप मोडू नये. तेव्हापासून रात्री साडेबाराला गेटवरून हाक येत नाही. फोन येतो : ‘काकू, कुलपाचा नंबर काय?’

पण मला पडलेलं खरं कोडं पुढेच आहे. हेच तुम्ही कासच्या पठाराचं तिकीट ऑनलाइन काढता. तिथं दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आणि येण्याच्या वेळांचे टप्पे ठरलेले. सकाळी सातचा टप्पा मिळाला की पावणेसातला तुम्ही आंघोळ उरकून, पोरांना स्वेटर चढवून तिथं रांगेत हजर. पठाराची राखण कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या वन समित्यांकडे आहे. फाटकावर त्यांच्यातलाच एखादा तरणा पोरगा असतो, अंगात रेनकोट, तोंडात शिट्टी. त्याला तुम्ही ‘जरा ॲडजस्ट करा’ म्हणत नाही. गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांत फोटोसाठी एक पाऊल जास्त पडलं की तो शिट्टी फुंकतो आणि कंपनीत चाळीस माणसांना हुकूम सोडणारा साहेब मुकाट्यानं पाय मागे घेतो. टोपली कारवी तर सात-सात वर्षं तोंड दाखवत नाही. तिच्या उशिरा येण्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं माझ्या कानावर नाही. उलट ती आली की तुम्हीच रजा टाकून धावता. फुलांची वेळ पाळायची, विमानाची पाळायची, स्वारगेटला शिवनेरी सुटेल म्हणून रिक्षावाल्याच्या मानेवर बसायचं, आणि मोकळीक घ्यायची ती फक्त जिथं पाटीवर ‘घरगुती’ लिहिलंय तिथं. मी एक शिट्टी विकत आणली आहे.

अकरा ते एक या दोन तासांत आम्ही करतो काय, असंही तुमच्यापैकी एकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. तुम्ही जाता तेव्हा खोली असते, तुम्ही येता तेव्हाही खोली असते. मधल्या वेळात ती आपली आपण अंग झटकून उभी राहत असणार.

तर मावशी पावणेअकराला येतात. आधी खोलीच्या दारातल्या चपला बघतात. चपला असल्या की पायरीवर बसून पिशवीतली मिश्री काढतात आणि म्हणतात, ‘आवं, ह्यांचं अजून दात घासायचंच हायत नव्हं?’ पाहुणे निघाले की पहिलं काम टॉवेलांचं. कासचं पठार जांभ्याचं. त्याचा तांबडा चिखल बुटाला लागतो, आणि बूट पुसायला आमच्या पांढऱ्या टॉवेलाइतकं मऊ दुसरं काही तुम्हाला सापडत नाही. मग उशांचे अभ्रे, त्यावर रात्रीच्या कांदाभजीची बोटं. मग मोरीची जाळी. तिच्यातून निघणाऱ्या गुंतवळाचं वर्णन मी करत नाही, तुम्ही आमच्याकडे जेवणार आहात. फरशी दोनदा पुसायची, कारण पहिल्यांदा ती नुसती ओली होते. आणि चादरी! फुलांचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे नेमका तो काळ, जेव्हा आमच्याकडे ऊन हा ऐकीव विषय असतो. या हवेत चादर वाळत नाही, नुसती कमी ओली होते. दर खाटेमागे चार जोड ठेवलेत. एक अंथरलेला, एक धुतलेला, एक पंख्याखाली दोरीवर आणि एक इस्त्रीखाली वाफा टाकत. सोलरचा बंब धुक्याकडे बघत बसतो, म्हणून पाणी लाकडावर तापतं, आणि लाकडंही भिजलेली. तुम्ही अकराऐवजी दोनला उठलात की हा सगळा कारभार पुढच्या पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत करावा लागतो. ते अंगणात गाडीला टेकून उभे असतात आणि मावशींच्या हातातल्या बादलीकडे अशा नजरेनं बघतात, जणू आम्हीच वेळ पाळत नाही.

आपल्याला आश्चर्य वाटेल, पण सातारकरांना हा अनुभव जुना आहे. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर होते तेव्हा साहेब लोकांना हवापालटासाठी महाबळेश्वर हवंसं झालं. प्रतापसिंह महाराजांनी १८२९ साली ते दिलं आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. वरच्या बाजारपेठेला नावसुद्धा पाहुण्याचंच दिलं, माल्कम पेठ. पाहुणचारात काही कमी ठेवलं नाही. पाहुण्यांनी काय करावं? दहा वर्षांत, १८३९ साली, यजमानालाच गादीवरून उठवून काशीला रवाना केलं. १८४८ साली दत्तकाचं निमित्त काढून अख्खं संस्थान खालसा केलं. म्हणजे खोली एक घेतली होती, किल्ल्या सगळ्या घराच्या खिशात घातल्या. पुढे १९४२ साली ‘चले जाव’ अशी चेक-आउटची स्वच्छ शब्दांत नोटीस गेली, तरी सामान बांधायला पाच वर्षं लावली. आमच्या जिल्ह्यात तर तोवर नाना पाटलांना प्रतिसरकार चालवून दाखवावं लागलं. तेव्हा रविवारी दुपारी दोन वाजता आपण गादीवर लोळत ‘अजून अर्धाच तास हं काकू’ म्हणता, तेव्हा आमच्या मनात काय काय येऊन जातं, याची थोडी कल्पना यावी म्हणून हे लिहिलं.

तडजोडीला आम्ही नाही म्हटलेलं नाही. एसटी स्टँडजवळच्या लॉजांवर असते तशी चोवीस तासांची पद्धत मी आपल्याला देऊ केली होती : पहाटे पाच पन्नासला आलात, तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाच पन्नासला निघा. आपण हसलात. मी विनोद करत नव्हते. शनिवारी पहाटे सहा ते रविवारी संध्याकाळी सहा हे माझ्या हिशेबानं छत्तीस तास होतात, आणि भाडं एका रात्रीचं. मधल्या एका रविवारी आपल्यातल्या एका ताईंनी दोन तास वाढवून घेण्यासाठी माझ्या हातावर पाव किलो कंदी पेढे ठेवले. साताऱ्याच्या बाईला साताऱ्याचे कंदी पेढे! आदल्या संध्याकाळी गावातून तुमच्यासाठी ते मीच मागवून दिले होते, पैसे अजून यायचेत.

तरीही या हंगामापासून पुढीलप्रमाणे चालेल. लवकर येणाऱ्यांच्या बॅगा पडवीत ठेवून घेऊ, मागच्या न्हाणीत तोंड धुता येईल, चहा मिळेल. खोली नाही. सासूबाईंच्या भोवती बसायचं असेल तर त्यांची परवानगी त्यांच्याकडूनच घ्यावी; त्या आता दाराला आतून कडी लावतात. उशिरा निघायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा. त्या दिवशी दुसरं कुणी येणार नसेल तर अर्ध्या भाड्यात संध्याकाळी सहापर्यंत राहा, खुशाल झोपा. कुणी येणार असेल तर अकरा म्हणजे अकरा. ‘मध्ये एक दिवस मोकळा ठेवत जा ना’ असा सल्ला देणाऱ्यांना एवढंच विचारते, की जेमतेम दीड महिन्याच्या हंगामात, तोही फक्त शनिवार-रविवार चालणाऱ्या धंद्यात, मोकळा ठेवायचा दिवस नेमका कोणता? बुधवार? तो आहेच मोकळा. या की बुधवारी.

आणि रविवारी कास बघायचंच असेल तर सकाळचा पहिला टप्पा घ्या, बॅगा आधी गाडीत टाका, किल्ली खिडकीत ठेवा आणि पठारावरून परस्पर खाली उतरा. अकरा ते तीनचा टप्पा घेऊन ‘येऊन फक्त आंघोळ करतो’ म्हणणारे लोक आंघोळ करतात, मग जेवतात, मग पडतात. त्यात त्यांचा तरी काय दोष, डोंगराची हवाच तशी आहे. शिवाय पाचला उठून निघाल्यावर खंबाटकीच्या बोगद्याआधी पुण्याकडे परतणाऱ्या सगळ्या जगाबरोबर रांगेत उभं राहण्याचं पुण्य मिळतं ते वेगळंच.

आपण जाताना ॲपवर लिहिलेला अभिप्राय वाचला. ‘जागा सुंदर, जेवण अप्रतिम, काकू वेळेबाबत थोड्या कडक. तीन तारे.’ बूट पुसलेला टॉवेल मावशींनी सोड्यात भिजवून ठेवला आहे. त्याचा डाग निघाला तर उरलेल्या दोन ताऱ्यांचा आग्रह धरणार नाही.

कळावे, लोभ असावा, तो दुपारी एकनंतर असावा.

आपली,
काकू
(दर ठरवताना : मॅडम)

ता. क. : सप्टेंबरात साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचा रविवार येतो. हजारो माणसं पहाटे यवतेश्वरचा घाट धावत चढतात आणि रस्ता सकाळी वाहनांना बंद असतो. तेव्हा त्या दिवशी अकराला निघता आलं नाही तर ते मी समजून घेईन. पण गेल्या खेपेला जे गृहस्थ छातीवर नंबर आणि टायमिंगची चिप लावून एकवीस किलोमीटर पळाले, नऊच्या आत घरी परतले, आपण किती मिनिटं आणि किती सेकंद घेतले ते मला, मावशींना आणि सासूबाईंना वेगवेगळं सांगितलं, आणि मग ‘जरा पाठ टेकतो’ म्हणून साडेचारला उठले, त्यांच्या नावावर अर्ध्या दिवसाचं भाडं बाकी आहे. सेकंद धरलेले नाहीत.