बीडलॉकवाले

२ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली आणि पुण्याच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी थारवाला उगवला. त्यातले बरेचसे निरुपद्रवी. गाडी पुसतात, सिंहगडापर्यंत जातात, भजी खाऊन परततात. जपावं लागतं ते त्यांच्यातल्या बीडलॉकवाल्यापासून. त्याला चाकं बदलायची आहेत. गेली कित्येक वर्षं.

तुम्ही विचारणार नाही, तरी तो सांगणारच. साध्या चाकात टायरची कड, म्हणजे बीड, रिमला टेकून राहते ती आतल्या हवेच्या जोरावर. खडकावर पकड हवी म्हणून हवा काढली की टायर पसरतो, दगडाच्या आकारात बसतो. पण साधारण बारा-पंधरा पीएसआयच्या खाली गेलात, तर टायर रिमवरून निसटायची भीती. बीडलॉकमध्ये बाहेरच्या अंगाने एक जाड कडं बोल्टांनी आवळतात आणि बीड मध्ये पकडतात. मग हवा सात-आठवर आणली तरी टायर जागचा हलत नाही. एका मुंजीच्या पंगतीत त्याने हे दोन वाट्यांच्या मध्ये पुरी दाबून समजावलं. वाढप्याला वाटलं, याला श्रीखंड दोन वाट्या हवंय.

माहिती मात्र अचूक, हे कबूल केलं पाहिजे. अमेरिकेत मोआबचे खडक किंवा रुबिकॉन ट्रेल चढणाऱ्यांना हे चाक खरंच लागतं, आणि हा तिथला दगडन् दगड ओळखतो. पाहिलेला नाही, ओळखतो. गोव्यात २०१४ साली सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातली स्पर्धा बघायला मात्र स्वतः गेला होता. कुणाच्या गाडीला कुठली चाकं, याचे फोटो काढले. बूट खराब होतील म्हणून फार पुढे गेला नाही.

निवड अडते ती तपशिलात. पोलादी चाक दणकट, वाकलं तर ठोकून सरळ करता येतं, पण वजनदार. ओतीव ॲल्युमिनियम हलकं, पण जोरात आपटलं तर तडकायची धास्ती. फोर्ज्ड घ्यावं, तर किंमत ऐकून घरात शांतता पसरते. त्यातून पत्रिका जुळवायची ती वेगळीच. सहा बोल्ट, १३९.७ मिलिमीटरचा पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, जुळला, तर ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, अडतो. ऑफसेट बसला, तर टायर वळणावर मडगार्डला घासणार. शिवाय खडकासाठी अठरा इंची रिम नको, सोळा इंची हवं, म्हणजे टायरची भिंत उंच मिळते. याची गाडी अठरा इंचीवाली. ती त्याने दिसायला बरी म्हणून घेतली होती.

"अहो, चार चाकांना मिळून बोल्ट किती?" बायको एकदा विचारती झाली.

"एका कड्याला बत्तीस. म्हणजे एकशे अठ्ठावीस. समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, टॉर्क पाना लावून. थोडं चालवलं की पुन्हा तपासायचे."

"बरं. बेसिनच्या नळाचा वॉशर गणपतीपासून गळतोय."

त्या दिवशी चर्चा तिथेच थांबली.

आरटीओचं नाव निघालं की त्याचा आवाज खाली येतो. अशी बरीच चाकं रस्त्यासाठी नसतातच, बनवणारेच तसं बजावतात. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बोट ठेवलं, हेही त्याला तारखेसकट पाठ आहे. नकली बीडलॉकही मिळतात: कड्याचा नुसता आव, बोल्ट शोभेचे, पकडत काही नाहीत. त्यांच्याबद्दल तो बोलतो तेव्हा आसपास मुलं नसलेली बरी.

मी एकदा त्याच्यासोबत हवा भरायला गेलो होतो. पंक्चरवाल्याने नळी हातात घेऊन विचारलं, "किती टाकू साहेब?"

"पस्तीस. एखादा जास्तच टाक, ॲव्हरेज मिळतं."

सात-आठचं स्वप्न पाहणारा हा माणूस आजवर तिसाच्या खाली उतरलेला नाही. माझं विचाराल, तर आपल्याकडच्या हौशी माणसाला बीडलॉकची गरज नाही. मुळशी-लोणावळ्याकडच्या कच्च्या वाटांना साधं रिम पुरतं. हवा अठरा-वीसवर आणा, सावकाश चालवा, आणि डांबरी लागायच्या आत पुन्हा भरा. त्यासाठी एक मीटर आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा कंप्रेसर लागतो. एका फोर्ज्ड चाकाच्या किमतीत दोन्ही येऊन वर पैसे उरतात. बीडलॉकवाल्याकडे यातलं एकही नाही.