वजन जानेवारीत, बिल जुलैत

मिनेसोटातला मराठी माणूस फेब्रुवारीत दोन कामं हटकून करतो. टॅक्सचे कागद काढतो आणि ॲरिझोनातल्या घरांचे फोटो बघतो. पहिलं काम एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकतं. दुसरं निवृत्त होईपर्यंत पुरतं.

फोटोत निळाशार पूल असतो, कडेला दोन ताडाची झाडं आणि एक लिंबाचं. लिंबाचं खोड पांढरं रंगवलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, काय टापटीप आहे! झाडाच्या सालीलाही ऊन भाजतं म्हणून तिथे खोडाला पांढरा रंग फासावा लागतो, हे एजंट सांगत नाही. सांगेल कशाला? फोटो जानेवारीतला असतो.

बघणाऱ्याला तरी नावं का ठेवावीत? तासभर फावडं मारून त्यानं ड्राइव्हवे मोकळा केलेला असतो. कंबर धरून तो सरळ होतो न होतो तोच बर्फ लोटणारा सरकारी ट्रक रस्त्यानं गडगडत येतो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर बांध घालून निघून जातो. हा भुसभुशीत बर्फ नव्हे. रस्त्यावरचं मीठ, चिखल आणि गाड्यांनी दाबलेला गाळ मिळून झालेला दगड असतो तो. फावडं त्यावर आपटून परत येतं. असा बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, असं डॉक्टर दर हिवाळ्यात बजावतात आणि लोक दर हिवाळ्यात ते ऐकून फावडं उचलतात, कारण गाडी बाहेर काढायचीच असते.

३० जानेवारी २०१९ला मिनियापोलिसचा पारा उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरला. ऊनपावसाला न जुमानणारं म्हणून ज्याची ख्याती, त्या अमेरिकी टपाल खात्यानंही मिनेसोटात त्या दिवशी टपाल वाटलं नाही. आणखी सात अंश उतरला असता, तर निदान एक फायदा झाला असता: उणे ४०वर सेल्सिअस आणि फॅरनहाइटचा आकडा एकच येतो. एरवी त्या दोघांचं कधी पटलेलं नाही.

शहरानं यावर स्वतःपुरता तोडगा काढलेला आहे. मध्यवर्ती भागातल्या इमारती काचेच्या बंद पुलांनी एकमेकींना जोडल्यात. पहिला पूल १९६२चा. आता हे जाळं सुमारे १५ किलोमीटरचं झालंय. ऑफिस, बँक, जेवण, दाढी, सगळं अंगात कोट न घालता. चार महिने माणसाच्या नाकाला बाहेरची हवा लागत नाही. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, तेव्हा तोही काचेतूनच दिसतो.

हा अंधार मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. नॉर्मन रोझेन्थल नावाचे डॉक्टर जोहान्सबर्गच्या उन्हातून न्यूयॉर्कला आले आणि हिवाळा आला की आपला जीव का कोमेजतो, या कोड्यात पडले. पुढे १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतूसोबत येणाऱ्या नैराश्याचं शास्त्रीय वर्णन केलं. म्हणजे जानेवारीत ‘काहीच करावंसं वाटत नाही’ म्हणणारा प्रत्येक जण आळशीच असतो असं नाही. काही जण असतात, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा तक्रार खरी आहे. खोट आहे ती वजनात. एका पारड्यात मिनेसोटाचा जानेवारी आणि दुसऱ्यात ॲरिझोनाचाही जानेवारीच. जुलै कुणी तोलायलाच घेत नाही.

हे शास्त्रानंही तपासून पाहिलंय. १९९८ साली डेव्हिड श्काडे आणि पुढे नोबेल मिळवलेले डॅनिएल कानमन यांनी कॅलिफोर्नियातल्या आणि थंडीनं गारठणाऱ्या मिडवेस्टमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही आयुष्यात कितपत समाधानी आहात? उत्तरं जवळपास सारखीच आली. मग विचारलं, तिकडचे कितपत समाधानी असतील? दोन्हीकडच्यांनी कौल दिला की सुखी ते कॅलिफोर्नियातले. कॅलिफोर्नियावाल्यांनाही आपण जास्त सुखी असणार, असंच वाटत होतं. फक्त ते तसे नव्हते. हवेबद्दल विचारलं की माणूस हवेचाच विचार करतो. सासू, पगार, गुडघा आणि मुलाचं गणित त्या क्षणापुरतं विसरतो. आणि जगातले सुखी देश मोजणारा अहवाल २०१८पासून ओळीनं पहिला नंबर देतोय तो फिनलंडला! आणि तिकडचा जानेवारीही काही ऊबदार नसतो.

पण ॲरिझोनाला निघालेल्या आमच्या ओळखीतल्या काकांना कानमन माहीत नव्हते. काकूंना माहीत असण्याची गरज नव्हती.

“अहो, जुलैतलं एकदा बघा ना तिथलं.”

“जुलैत एसी असतो.”

“मग इथे जानेवारीत हीटर नाही का?”

“तू ना, कुठल्याही चांगल्या गोष्टीत खोड काढतेस.”

फिनिक्सच्या बाहेर घर घेतलं. मिनेसोटातलं विकलं. स्नोब्लोअर शेजाऱ्याला फुकट दिला, तोही कमरेत वाकून नमस्कार करून.

काकांचा भरवसा एसीवर. विलिस कॅरियर यांनी १९०२ साली हवा गार आणि कोरडी करणारं यंत्र आखलं ते माणसांसाठी नव्हे, ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा म्हणून. त्या यंत्राच्या जिवावर पुढे वाळवंटात शहरं वाढली. फिनिक्सजवळ १ जानेवारी १९६०ला डेल वेब यांनी ‘सन सिटी’ ही निवृत्तांची वसाहत विकायला काढली. तारीख पुन्हा वाचा. ज्याला उन्हाची वसाहत विकायची, त्यानं मुहूर्त कुठला धरला बघा! धंदा त्याला कळत होता.

२०२३ साली याच फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा रोज ४३ अंशांच्या वर होता. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्णतेमुळे झालेल्या मृत्यूंची नोंद ६४५. फूटपाथवर पडून त्वचा भाजलेली माणसं तिथल्या भाजलेल्यांच्या इस्पितळात दर उन्हाळ्यात येतात. नळाच्या गार पाण्यालाही वाफ येते की काय, अशी शंका येते. सीटबेल्टचं बक्कल रुमालानं धरावं लागतं. मिनियापोलिसात कुत्र्याला मीठ आणि बर्फ बोचू नये म्हणून बूट घालतात; फिनिक्समध्ये डांबरानं पंजे भाजू नयेत म्हणून घालतात. कुत्र्याला दोन्हीकडे बूट आवडत नाहीत. या सगळ्या वादात सुसंगत भूमिका घेणारा प्राणी तेवढा एकच.

मग फ्लोरिडा? तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही. त्यातून वाचलेले पैसे घराच्या विम्यात भरता येतात. मिळाला तर. काही कंपन्यांनी तिथून गाशा गुंडाळलाय आणि उरलेल्यांचे हप्ते बघून माणूस आपल्याच घरात भाडेकरू असल्यासारखा वागू लागतो. २०२२च्या सप्टेंबरात इयान चक्रीवादळानं फोर्ट मायर्सची जी दशा केली, ती बघितल्यावर ‘समुद्रकिनारी घर’ हे शब्द जरा जपून उच्चारावेत. थंडीपासून तरी सुटका? जानेवारी २०२०मध्ये मायामीच्या हवामान कचेरीनं इशारा दिला होता: गारठलेल्या, घोरपडीएवढ्या इग्वाना झाडावरून खाली पडतील, सांभाळून चाला. आणि टेक्सास! फेब्रुवारी २०२१मध्ये तिथे अशी थंडी पडली की लाखो घरांची वीज गेली आणि सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. थंडीला कंटाळून तिथे गेलेले काही जण ब्लँकेटं उत्तरेत वाटून आले असतील, त्यांची कल्पनाच केलेली बरी.

फ्लोरिडात उकडल्यावर परत निघालेले, पण बर्फापर्यंत पोचायची हिंमत नसलेले लोक नॉर्थ कॅरोलिना-टेनेसीत थांबतात. त्यांना तिकडे ‘हाफ-बॅक’ म्हणतात. त्यांची लाडकी ॲशव्हिलची डोंगराळ हवा २०२४च्या सप्टेंबरात हेलीन वादळाच्या पुरानं वाहून नेली. मग उत्तरेतच राहावं? तिकडच्या बफेलोच्या महापौरांनी २०१९मध्ये आपलं शहर हवामानबदलापासूनचं आश्रयस्थान ठरेल असं जाहीर केलं. २०२२च्या ख्रिसमसला त्याच भागात हिमवादळात चाळीसहून जास्त माणसं मेली. आश्रयस्थानाच्या घोषणा करणाऱ्यांनी निदान एक हिवाळा थांबायला हरकत नसावी.

कॅनडातल्या निवृत्तांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवायची सोय शोधलीय. हिवाळा फ्लोरिडात, उन्हाळा टोरांटोत. पण ऑन्टारिओचा सरकारी आरोग्यविमा टिकवायचा तर सर्वसाधारणपणे वर्षात २१२ दिवसांपेक्षा जास्त प्रांताबाहेर राहून चालत नाही, आणि तिकडे अमेरिका सहा महिन्यांच्या वर थांबू देत नाही. त्यामुळे ही मंडळी फ्लोरिडाच्या पुळणीवर पंचांग घेऊन बसल्यासारखी दिवस मोजत असतात. ऊन खायला गेलेल्या माणसाला आपण किती ऊन खाल्लं याचा हिशेब दोन सरकारांना द्यावा लागतो.

आपल्या लोकांचं ॲरिझोना वेगळंच असतं. त्याचं नाव पुणे. तिथेही वजन डिसेंबरातच होतं. सवाई गंधर्वची रात्र, अंगावर शाल, सकाळी हुरडा, दुपारी कुणाच्या तरी लग्नाचं जेवण. ‘काय हवा आहे! परत यायला हवं.’ बाणेरला फ्लॅट बुक होतो. मग मे उजाडतो, पारा चाळिशी गाठतो, सोसायटीत टँकर येतो आणि परतीचा निर्णय ‘मुलीचं कॉलेज होऊ दे’ या खात्यात जमा होतो. मुलीला आता मुलगी झालीय. फ्लॅट भाड्यानं दिलाय.

न्यायाचं बोलायचं तर, उत्तर सोडून ऊबेला गेलेल्यांचं आयुष्य थोडं वाढतं असं अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलंय, आणि जगभर उष्म्यापेक्षा थंडीनं जास्त माणसं मरतात, हेही खरं. म्हणजे काका चुकले असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ते फक्त अर्धं वर्ष बघून आले होते.

उरलेलं अर्धं त्यांना एप्रिलअखेरीस दिसलं. शेजारचे एकेक करून गाड्या भरू लागले. डावीकडचे मिशिगनला, उजवीकडचे विस्कॉन्सिनला, पत्त्याच्या क्लबातले दोघे नॉर्थ डकोटाला. त्या शहाण्यांनी उत्तरेतली घरं विकलेलीच नव्हती. मे संपता संपता अख्ख्या गल्लीत काका, काकू आणि एसीचा आवाज.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी मिनियापोलिसच्या जुन्या मित्राला फोन लावला.

“काय रे, तुझं बेसमेंट जुलै-ऑगस्टात रिकामंच असतं ना?”

“असतं की. पण डास फार झालेत यंदा. संध्याकाळी बाहेर बसवत नाही.”

“किती अंश आहे?”

“चोवीस.”

“डास चालतील.”