गंगेतला कॅम्प

ज्या गावच्या रेल्वे स्टेशनावर दुसऱ्याच गावाचं नाव आहे, त्या गावच्या माणसाला वाट दाखवायचं काम कुणी देऊ नये. श्रीरामपूरच्या स्टेशनच्या पाटीवर वर्षानुवर्षं ‘बेलापूर’ लिहिलेलं. खरं बेलापूर तिकडं प्रवरेच्या काठी. नवखा पाहुणा पाटी वाचून गाडीतच बसून राहतो आणि पुढच्या स्टेशनावरून आम्हाला फोन करतो. असल्या गावात उभा जन्म गेलेल्या मला मित्रांनी वाटाड्या नेमलं, कारण माझी मावशी गंगथडीला दिलेली आहे. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. मावशी गंगेकाठी, म्हणजे भाच्याला गंगेचा तळ ठाऊक, असा सरळ हिशेब झाला. मीही तो खोडला नाही.

मूळ खूळ शेठचं. शेठनी नवी फोर बाय फोर घेतली होती आणि ती घर ते मार्केट यार्ड एवढ्याच दुर्गम प्रदेशात फिरत होती. अशात त्यांच्या ब्रिस्बेनच्या भाच्यानं एक व्हिडिओ पाठवला. ऑस्ट्रेलियातलं फ्रेझर आयलंड, ज्याला २०२३ साली ‘गारी’ हे मूळ नाव अधिकृतपणे परत मिळालं. जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट, लांबी सव्वाशे किलोमीटरच्या घरात. तिथं समुद्रकाठची ओली वाळू हाच हमरस्ता. त्यावर ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा आणि त्याच वाळूवर लहान विमानंही उतरतात. साध्या गाडीचं तिथं काम नाही. रात्री तंबूत झोपायचं, बाहेर डिंगो नावाची रानटी कुत्री हिंडतात.

शेठनी सुस्कारा सोडला. “आपल्याकडं असं बेट नाही राव.”

मला गप्प बसवलं नाही. “नाही कसं? सराला बेट काय समुद्रात आहे?”

सराला बेट खरंच गोदावरीच्या पात्रात आहे, श्रीरामपूर आणि वैजापूर तालुक्यांच्या शिवेवर. गंगागिरी महाराजांचं ठिकाण. त्यांच्या सप्त्याची परंपरा पावणेदोनशे वर्षांच्या आसपासची. दर श्रावणात वेगळ्या गावाला मान मिळतो, लाखो माणसं येतात आणि आमटी-भाकरीच्या पंगती उठतात. तिथं जाऊन तंबू ठोकण्याइतके आम्ही वाया गेलेलो नव्हतो. बेटावर दर्शन घ्यायचं आणि मग मावशीच्या गावाशेजारी, पात्रात वाळूचा जो उंचवटा आहे त्यावर रात्र काढायची, असं ठरलं. घोटाभर पाण्यानं वेढलेला उंचवटा म्हणजे बेटच. ऑस्ट्रेलियाचं मोठं असेल, आमचं घरचं होतं.

मंडळी जमली: शेठ, डॉक्टर, वकील, मास्तर आणि मी. तंबू आला, घडीच्या खुर्च्या आल्या, डोक्याला बांधायचे दिवे, गाडी ओढायचा पट्टा, फावडी आणि चाकात हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आला. वकिलांनी कॅरम आणला. मास्तरांनी भरताची वांगी आणली.

वाटेत मी सगळ्यांना वाळूचं शास्त्र सांगितलं. राल्फ बॅग्नॉल्ड नावाचा इंग्रज फौजी इंजिनिअर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घेऊन हिंडला. चाकातली हवा कमी केली की चाक पसरतं, ओझं जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूवरून तरंगत जाते, ही त्याच्या चमूची युक्ती. पुढं १९४१ साली त्यानं वाळू वाऱ्यानं कशी वाहते यावर ग्रंथच लिहिला. “आणि आपला जिल्हा काय साधा आहे?” मी म्हणालो. “नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, लष्कराच्या गाड्या पारखणारी संशोधन संस्था आहे. नगर जिल्ह्याच्या माणसाची गाडी वाळूत रुतणं शोभत नाही.” मास्तरांनी टाळी दिली. सेवानिवृत्त माणूस भाषणाच्या शेवटी सवयीनं टाळी देतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

सराला बेटावर दर्शन घेऊन मावशीकडं पोचलो. मावशीनं चहा केला. गंगेत राहायला चाललोय म्हटल्यावर तिनं कपबशी खाली ठेवली. “घरात जागा नाही का रे तुम्हाला?”

डॉक्टरांची साधी गाडी तिच्या अंगणात लावून आम्ही पाचही जण शेठच्या गाडीतून काठ उतरलो. मी म्हटलं, “शेठ, आता चाकांची हवा काढा.” शेठ दुखावले. “नव्या गाडीची हवा काढायची? लोक काढतात तेवढी पुरे.” मी फार ताणलं नाही, कारण माझ्याजवळ दुसरा हुकमी एक्का होता. व्हिडिओत सगळ्या गाड्या पाण्याच्या कडेनं जात होत्या. “पाण्याच्या कडेनं घ्या,” मी हुकूम सोडला, “ओली वाळू घट्ट असते.”

घट्ट असते, समुद्राची. भरती-ओहोटी तिला रोज दाबून बसवते. गंगेला भरती नाही. पूर ओसरताना ती गाळ मागं ठेवून जाते, तो वरून वाळतो आणि त्याच्यावर वाळूचा पातळ थर पसरतो. वर पापड, खाली पिठलं. गाडी शंभरेक पावलं ऐटीत गेली, मग तिनं एक मोठा सुस्कारा टाकला आणि ती खाली बसली. शेठनी अॅक्सिलरेटर दाबला. साध्या गाडीनं दोन खड्डे खणले असते. आमच्या गाडीनं चारही चाकांना सारखा न्याय दिला. पोट गाळाला टेकलं. हवा काढायची माझी सूचना आता एकमतानं मंजूर झाली, पण पोट टेकल्यावर चाकांना विचारतो कोण? बेट समोरच दिसत होतं, घोटाभर पाण्यापलीकडं.

अंधार पडला. आम्ही तिथंच तंबू उभा केला, वांगी निखाऱ्यावर ठेवली, डोक्याला दिवे बांधले आणि फावड्यांनी चाकांभोवतीची वाळू उपसायला लागलो.

आता आमच्या तालुक्यात वाळूला काय मोल आहे ते सांगायला हवं. सरकारनं बांधकामाला स्वस्त वाळू द्यायचं ठरवलं, तेव्हा राज्यातला पहिला सरकारी वाळू डेपो निघाला तो श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला, १ मे २०२३ रोजी. भाव ६०० रुपये ब्रास. पुढं ते धोरणही बदललं. पण सरकारी भाव कोणताही असो, रात्रीचा भाव वेगळाच असतो. रात्री पात्रात यंत्रं उतरतात, डंपर भरतात, आणि मागं राहतात ते खोल खड्डे, ज्यांत पावसाळ्यात गुरं बुडतात आणि कधी पोरंही. त्यामुळं गंगथडीच्या माणसाची रात्री नदीकडं जाणारी नजर निरागस नसते. तिच्यापुढं आम्ही काय दृश्य उभं केलं होतं? पात्रात दडपून घातलेली दणकट गाडी आणि डोक्याला दिवे बांधून फावड्यानं वाळू उपसणारे पाच जण.

काठावर बॅटऱ्या चमकल्या. वीसेक माणसं काठ्या घेऊन खाली उतरली.

“टाका फावडी खाली! डंपर कुठंय?”

“डंपर नाही हो,” मास्तर म्हणाले, “आम्ही घरचेच आहोत.”

“काय करू राहिले मग इथं?”

इथं वकील पुढं झाले. त्यांनी कोट नसतानाही कोट सावरला आणि गौण खनिजाच्या वाहतुकीशी आमचा संबंध कसा जोडता येणार नाही, हे मुद्देसूद सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या मुद्द्याला गर्दीतून आवाज आला, “वकील संगंच आणलाय! पक्के आहेत.”

मी घाईनं म्हणालो, “कॅम्प आहे हो, कॅम्प!”

काठ्या थोड्या खाली आल्या. मागून एक आबा पुढं सरकले. त्यांनी माझ्या तोंडावर बॅटरी मारली. “हा तर आपल्या वहिनीचा भाचा,” ते म्हणाले. मग तंबूकडं बघून त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, “डोळ्यांचा कॅम्प का?”

गावाला कॅम्प म्हटलं की डोळ्यांचाच आठवतो, हे खरं म्हणजे मला कळायला हवं होतं. पण काठ्या समोर होत्या. “डॉक्टर आहेत सोबत,” मी म्हणालो.

“दातांचा आहे मी,” डॉक्टर पुटपुटले.

“मग तर बेस झालं,” म्हणत आबांनी खालची कवळी काढून डॉक्टरांच्या हातात ठेवली. “ही डाव्या अंगाला बोचती.”

डॉक्टरांनी कवळी आधी पाण्यानं धुतली, मग कपाळावरच्या दिव्याखाली धरून फिरवली आणि डावीकडची कड अंगठ्यानं चाचपली. आबांना घडीच्या खुर्चीत बसवून त्यांनी हिरडी पाहिली. तिथं बोराएवढी लाल जागा उठली होती. “कड घासून देतो, दवाखान्यात या. तोवर रात्री काढून ठेवत जा.” आबा उठले, तसा दुसरा माणूस खुर्चीत बसला. मग तिसरा. वकील रांग लावू लागले, मास्तर वहीत नावं लिहू लागले. एका काकूंनी दाढेचं सोडून गुडघ्याचं विचारलं; डॉक्टरांनी तेही ऐकून घेतलं. माझ्याकडं कुणी काही काम दिलं नाही. वांगी पाहायचं काम होतं, ते मी विसरलो. जवळच्याच बेटाच्या नावानं लाखोंची पंगत उठते, आणि आमचं पाच माणसांचं भरीत कोळसा झालं. मग गावातून भाकरी आली आणि पिठलं आलं. मी पिठल्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि चटणीवर भागवलं.

पांगताना एक जण म्हणाला, “आज पलीकडची यंत्रं बंद आहेत. त्यांच्या पोरांनी निरोप दिला म्हणं, नव्या गाडीतून पथक उतरलंय, डोक्याला लाइट लावून. रोज येत जा राव तुम्ही.” म्हणजे चोरांना आम्ही साहेब वाटलो होतो आणि गावाला चोर. नुसते हौशी मात्र कुणालाच वाटलो नाही. जाता जाता त्यानं धीरही दिला, “झोपा बिनघोर. बिबट्या काही रोज येत नाही.” आमच्या भागातला बिबट्या उसात वाढतो, २०२१ च्या डिसेंबरात एक तर शहरात, मोरगे वस्तीत शिरला होता. वकिलांनी तंबू सोडून तिरक्या गाडीत अंथरूण टाकलं आणि खिडकीला आतून कॅरम बोर्ड लावला.

सकाळी ट्रॅक्टर आला. चालवणारं पोर अनवाणी होतं. त्यानं आल्या आल्या खाली बसून बाभळीची काडी मोडली, व्हॉल्व्हच्या टोकात रोवली आणि फुस्स आवाज ऐकत दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चाक दाबून पाहू लागला. बॅग्नॉल्ड कोण ते त्याला कशाला ठाऊक असेल? मग चारी चाकांपुढचा गाळ हातानं ओढून त्यानं तिथं उसाचं पाचट दाबलं, पट्टा अडकवला आणि आमची फोर बाय फोर मागच्या दोनच चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरमागं काठावर आली. पैसे द्यायला गेलो तर त्यानं हात मागं घेतला. “कॅम्पला आलेल्यांकडून कसे घ्यायचे?”

त्या वाक्यानं आम्हाला बांधून टाकलं. मास्तरांच्या वहीतल्या नावांचे फोन डॉक्टरांना अजून येतात. त्यामुळं आता मावशीच्या गावी रीतसर शिबिर ठरलंय, दातांचं आणि डोळ्यांचंही. गावकऱ्यांनी पत्रक छापलं. संयोजकांत माझं नाव आहे, तेही ठळक अक्षरांत. त्याच्याखाली, तितक्याच ठळक अक्षरांत: ‘विशेष सूचना : संयोजकांनी आपली वाहने गंगेत उतरवू नयेत.’