सन 1350 चा फोटो

विभागीय आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, हा वाद मराठवाड्यानं वर्षानुवर्षं चवीनं चघळला आहे. आमच्या घराण्यात त्याची घरगुती आवृत्ती निघाली ती जुने फोटो स्कॅन करायचं ठरलं तेव्हा. आजोबांची पत्र्याची पेटी नांदेडला, थोरल्या काकांच्या पलंगाखाली; आणि अल्बम लातूरला, आत्याच्या कपाटात. मुख्यालय कुठं? काका म्हणाले, ‘‘पेटी हलणार नाही.’’ आत्या म्हणाली, ‘‘अल्बम येतील, पण माझ्यासंगं येतील आन् माझ्यासंगंच जातील.’’ अहमदपूर, लोहा असं करत ती एसटीनं आली. कंडक्टरनं म्हणे सामान वर ठेवायला सांगितलं, तर मांडीवरचे अल्बम घट्ट धरून ती म्हणाली, ‘‘सामान नाही बाबा, सासर-माहेर आहे!’’

तांत्रिक बाजू भाच्याकडे होती. त्यानं आधी नियमावली वाचली. हात कोरडे हवेत. फोटो कडेनं धरायचा. धूळ मऊ ब्रशनं झाडायची, ओलं फडकं बंद. मागं लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं आणि हलक्या हातानं. बॉलपेननं दाबून लिहिलं की अक्षरं पुढच्या बाजूला थेट गालावर उमटतात. हे ऐकून काकांनी पान उलटायला जिभेकडे नेलेलं बोट हवेतच थांबवलं. थुंकी, फुंकर आणि उपरण्याचं टोक ही आमची पिढीजात साधनं एका झटक्यात बाद झाली.

मग आले फ्रेममधले आजोबा. इतक्या पावसाळ्यांच्या ओलीनं फोटो काचेला चिकटलेला. भाचा म्हणाला, ‘‘ओढायचा नाही. वरचा पापुद्रा काचेवर राहतो आणि आपल्या हातात कोरा कागद येतो. काचेसकटच स्कॅन करू.’’ त्यासाठी काच लख्ख हवी म्हणून त्यानं ती पुसली, आणि आत्या ओरडली, ‘‘अरे, दादांचं गंध पुसलास की!’’ दसरा, दिवाळी, सर्वपित्री करत काचेवर गंधाचा असा थर चढला होता की घरातल्या पोरांच्या लेखी आजोबा गंधासकटच जन्मले होते. थर गेल्यावर आतून निघाला एक तरुण, कॅमेऱ्याला जरा घाबरलेला माणूस. काकांनाही ओळख पटायला वेळ लागला. अखेर तडजोड झाली. बिनगंधाचा स्कॅन झाल्यावर आत्यानं काचेवर पुन्हा गंध लावलं आणि दुसरा स्कॅन झाला. संशोधकांनी पहिला पाहावा, नातवंडांनी दुसरा.

इतर पुरुष मंडळींना ओळखणं त्याहून कठीण, कारण सगळ्यांनी एकच कोट घातलेला. काका, मामा, आत्याचे यजमान, इतकंच काय, ज्यांच्याशी बांधावरून आमचं बोलणं बंद होतं ते चुलत आजोबासुद्धा त्याच काळ्या कोटात, आणि मधलं बटण सगळ्यांचंच गायब. जी घराण्याची सुबत्ता म्हणून आम्ही पाहुण्यांना दाखवत आलो, ती स्टुडिओतल्या खुंटीवरची निघाली. भाचा मात्र खूश झाला. कोटाची बाही जितकी उसवलेली, तितका फोटो अलीकडचा. काळ ठरवायला घरबसल्या पुरावा मिळाला.

खरा हादरा पेटीच्या तळाशी होता. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, अंगात शेरवानी, डोक्यावर रूमी टोपी, मागं उर्दू शिक्का आणि शाईनं लिहिलेला आकडा: 1350. भाच्यानं डोळे विस्फारले. फोटोग्राफीचा शोध जगापुढं आला 1839 मध्ये. म्हणजे आमचं घराणं जवळपास पाचशे वर्षं पुढं होतं. नव्वदी गाठलेले काका निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी चष्मा वर सारला. ‘‘फसली साल आहे ते. 590 मिळव.’’ 1940! सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड-लातूर हैदराबाद संस्थानात होतं आणि सरकारी कागदावर फसलीच चालायची. एका बेरजेसरशी घराण्याची पुरातनता उतरली, पण घरातला एकमेव उर्दू वाचणारा माणूस म्हणून काकांचा भाव मात्र चढला.

यानंतर संगणक अडून बसला. त्याला फाईलच्या नावात आधी साल हवं होतं आणि आमच्याकडं साल कुणाकडंच नव्हतं. ‘‘हा पोलीस ॲक्शनच्या अगोदरचा.’’ ‘‘हा लातूर जिल्हा झाला तवाचा.’’ ‘‘हा रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातला.’’ भाचा एकेकाचं भाषांतर करत गेला: 1948, 1982, 2016. सगळे फोटो सालवार मांडले तेव्हा मध्येच एक मोठी खिंड दिसली. बहात्तरच्या दुष्काळाचा एकही फोटो नाही. आत्या म्हणाली, ‘‘खडी फोडायला जायचं, सुकडी आन् मिलो खायचा, आन् फोटो कशाचा काढायचा रे?’’ खरंच की. स्टुडिओत जायचं ते सुगी हातात आल्यावर. आमचा अल्बम म्हणजे पाऊस बरा झालेल्या वर्षांचा अहवाल होता; बाकीची वर्षं आत्याच्या तोंडीच राहिली होती.

एक लग्नाचा ग्रुप फोटो पाहून मात्र ती गप्प झाली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र संपता संपता, किल्लारी भागात धरणी हलली आणि दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर आली. तिच्या नणंदेच्या घरची माणसं वाचली, भिंतीवरचा एकही फोटो वाचला नाही. त्या नणंदेच्या लग्नाचा जगातला एकमेव फोटो आमच्या पत्र्याच्या पेटीत निघाला, आणि त्यातही नवरदेव कुणाच्या तरी फेट्याआड अर्धा. काकांनी ‘पेटी हलणार नाही’ हे वाक्य त्यानंतर उच्चारलं नाही. मुख्यालयाचा प्रश्न असा सुटला: मूळ फोटो जिथले तिथं, प्रती नांदेडला, लातूरला आणि पोरं पसरलीत तिथं तिथं. हे आमच्या पुढाऱ्यांना सुचलं असतं, तर दोन जिल्ह्यांची कितीतरी आंदोलनं वाचली असती.

नावांचा घोळ उरला होताच. आत्या सांगेल तसं भाचा टंकत होता: ‘1973 दुष्काळ सरल्यावर आई, कोट स्टुडिओचा, शेजारी कडेवर कोण ते काकांना विचारणे’. तो वैतागला. ‘‘आजी, पुढच्या पिढीला यातलं काय कळणार?’’

‘‘कळंना तर विचारतील की. समदं लिहून ठेवलास तर आमच्याशी बोलंल कोण?’’

एवढ्यात पडद्यावर सूचना झळकली: फाईलचं नाव फार लांब आहे.

काका म्हणाले, ‘‘त्याला सांग, आपल्यात नातं थोडक्यात सांगायची पद्धत नाही.’’