भाऊ गाडी बघतायत

चौलातल्या आमच्या पाखाडीत "भाऊ सध्या काय करतात?" असं कुणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: "गाडी बघतायत." भाऊ ठाण्याला चांगल्या हुद्द्यावर आहेत, शनिवारी गावी येतात, रविवारी संध्याकाळी परत जातात आणि उरलेल्या वेळात गाडी बघतात. साध्या गाड्या त्यांच्याकडे दोन आहेत. ही मोटरहोम. आत पलंग, ओटा, फ्रीज, संडास. बायकोपोरांना घालायचं आणि निघायचं. कुठे, ते नंतर ठरेल.

हे भाऊ एकटे नाहीत. पुण्या-मुंबईत आणि वाडीच्या निमित्ताने अष्टागरातही अशी मंडळी हल्ली बरीच दिसतात. वय चाळिशीच्या आतबाहेर, मुलं दोन, खिशात कायम मोजपट्टी. उपवर मुलीसाठी स्थळं बघणाऱ्या बापाची चिकाटी त्यांच्या अंगी असते. हिची उंची कमी, तिचं वजन जास्त, तिसरीचं सगळं जुळतं पण मंडळी पडली जर्मनीतली. होकाराची वेळ आली की भाऊंना आणखी एक स्थळ आठवतं.

त्यांच्या ओटीवर चहा प्यायला बसलं की या गाड्यांच्या जाती समजतात. त्यांचं पहिलं प्रेम अल्कोव्ह. ड्रायव्हरच्या डोक्यावर गाडीचं कपाळ पुढे आलेलं, आणि त्या कपाळात दोघांचा बिछाना. युरोपात लेकुरवाळी माणसं हीच पसंत करतात. मुलं शिडीने वर चढतात, पडदा ओढतात, त्यांचं राज्य सुरू. दिवसा अंथरूण आवरायची कटकट नाही. खोट एवढीच की ते कपाळ वाऱ्याला आडवं येतं आणि डिझेल पितं. दुसरी चपट्या डोक्याची सेमी-इंटिग्रेटेड. दिसायला नाकीडोळी नीटस, पण बहुधा दोघांच्या संसाराची. तिसरी ए-क्लास, पुढची काच भिंतीएवढी, छतातून खाली उतरणारा पलंग. तिची किंमत सांगताना भाऊ आवाज खाली आणतात, कारण माजघरात वहिनी असतात. गाडीच्या मागे जोडायची कॅराव्हॅन त्यांनी एका वाक्यात निकालात काढली आहे: "रिव्हर्स घेऊन दाखवा." चौल नाक्यावर एसटी वळताना ज्याने पाहिली आहे तो यावर वाद घालणार नाही.

आपल्याकडे या सगळ्या जाती मिळतात कुठे? इथे बहुतेकांची धाव ट्रॅव्हलरच्या सांगाड्यापर्यंत. त्यातही, मिनीबस घ्यावी आणि गल्लीतल्या सुताराकडून आत पलंग ठोकून घ्यावेत, असं चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून फेरफार करू देत नाही, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. हा आकडा भाऊंना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे. २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा त्यांनी पाखाडीत पेढे वाटले. कॅराव्हॅन पार्क होणार, तिथे पाणी, वीज, मैला टाकायची सोय! आम्ही पेढे खाल्ले आणि अभिनंदन केलं. नक्की कुणाचं केलं ते कळलं नाही.

वहिनींनी या सगळ्या काळात प्रश्न एकच विचारला. "चालत्या गाडीत मुलं बसणार कुठे?"

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: सहा जणांची झोपायची सोय. पण झोपायची सोय म्हणजे बसायची सोय नव्हे, आणि मुलं घेऊन निघालेल्या गाडीत सगळा प्रश्न बसण्याचा असतो. पट्टा लावलेली, तोंड पुढे असलेली सीट किती? मुलाची सीट घट्ट बसवायला जागा आहे का? खिडकीकडे पाठ करून बसायचा तो ऐसपैस सोफा फोटोत फार छान दिसतो, पण करकचून ब्रेक लागला की त्यावरचं मूल थेट ओट्यावर. माझं मत विचाराल तर मोटरहोमची निवड इथेच सुरू व्हावी आणि बहुतेकांची इथेच संपावी. भाऊ मात्र महिनाभर गप्प होते. मग म्हणाले, "मुद्दा चांगला आहे. वहीत घेतो."

वही दोनशे पानी. त्यात पाण्याचा हिशेब आहे: शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो ओझं, आणि दोन मुलांच्या आंघोळी झाल्या की ती टाकी अर्धी. कॅसेट संडासाचा हिशेबही आहे: वीस लिटरच्या आसपासचा डबा, चार माणसं, दोन दिवस. तो रिकामा कुणी करायचा हा रकाना कोरा आहे.

काकूंना, म्हणजे भाऊंच्या आईंना, यातलं काहीच पटत नाही. ओटी, पडवी, माजघर, देवघर, माडी, मागे परस आणि त्यापलीकडे नारळ-पोफळीची वाडी, असं घर त्या एकट्या झाडतात. कौलं दर पावसाळ्याआधी चाळावी लागतात आणि त्या कामाला माणूस मिळत नाही. "हे घर गळतंय ते बघवत नाही, आणि हा चाकांवर दुसरं बांधतोय," असं त्या कुणालाही थांबवून सांगतात. दिवाळी झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. पेणकडच्या माळावर काकूंनी त्यांचे वाडे पाहिले आहेत. घोडीच्या पाठीवर भांडी, कोंबड्या, कोकरू आणि त्या सगळ्यावर बांधलेलं तान्हं पोर. "त्यांनी कधी विचारलं का, कुठलं मॉडेल घेऊ?" हा काकूंचा हुकमी एक्का. त्यावर भाऊ म्हणतात, "त्या घोडीला सस्पेन्शन असतं." एवढं मात्र दोघंही विसरतात, की त्या घोडीबरोबर धनगरीण सगळी वाट पायी चालते.

भाऊंच्या भात्यात निकितिन आहे. रशियाचा अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास याच चौलच्या बंदरात उतरला, रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, आणि पाहुणे आले की भाऊ त्यांना तिथे नेतातच. "बघा, हिंडणारा माणूस शेवटी चौललाच येतो!" निकितिनने बरोबर आणला होता एक घोडा, तोही विकायला. जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला आणि मोठ्या मिनतवारीनंतर परत दिला. त्याच्याबरोबर दोन लहान मुलं नव्हती, हा तपशील भाऊ गाळतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र भाऊंनी सर्वांना चकित केलं. एक मोटरहोम दोन दिवस भाड्याने आणली, ड्रायव्हरसकट. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरून ती अलिबागमार्गे चौलच्या हद्दीत आली, तिथवर सगळं वहीप्रमाणे. मग आमच्या पाखाडीचं तोंड आलं. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर झावळ्या, झावळ्यांच्या खाली विजेच्या तारा. भाऊंनी गाडीची लांबी, रुंदी, आतली उंची, फ्रीजची उंचीसुद्धा मोजली होती. बाहेरून डोक्याची उंची राहिली होती. पाखाडीतली निम्मी माणसं रस्त्यावर आली. "येऊ दे, येऊ दे" म्हणणारे सहा आणि "थांब, थांब" म्हणणारे आठ, असं बहुमत झाल्यावर ड्रायव्हरने गाडी मागे घेतली आणि रामेश्वराच्या पोखरणीजवळ मोकळ्या जागेत उभी केली. म्हणजे घरापासून चालत पाच मिनिटांवर भाऊंनी सहकुटुंब मुक्काम ठोकला.

मुलं हरखली. वरच्या बिछान्यावर कोण, यावरून दोघांची जुंपली. मोठीने शिडी धरली, धाकट्याने मोठीची वेणी. तोडगा म्हणून भाऊ स्वतः वर चढले, झोपून दाखवलं आणि मग त्यांना उतरता येईना, कारण कूस वळायला जागा होती पण गुडघा दुमडायला नव्हती. ड्रायव्हरने पाय धरून त्यांना खाली घेतलं. तेवढ्यात पाखाडीतली सगळी पोरं आत आली. प्रत्येकाने एकदा नळ सोडून पाहिला, एकदा संडासाचं बटण दाबलं. संध्याकाळच्या दिवेलागणीला टाकी कोरडी. रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड आहे. पाऊस रुसला की ते उघडायची जुनी रीत आहे. पोखरणीच्या पायरीवर बसलेल्या एका आजोबांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "उघडायचं का?"

काकू कंदील घेऊन पाहणीला आल्या. आत विजेचे दिवे होते, पण काकू परक्या घरी कंदिलाशिवाय जात नाहीत. त्यांनी ओटा पाहिला, कपाटं पाहिली आणि विचारलं, "मोरी कुठाय?" भाऊंनी कपाटाएवढं एक दार उघडलं. काकूंनी आत पाहिलं, मग भाऊंच्या पोटाकडे पाहिलं. म्हणाल्या, "मुलांचं ठीक आहे." रात्री नऊला वहिनी मुलांना घेऊन घरी जेवायला गेल्या. मुलं जेवता जेवता ओटीवरच झोपली. गाडीत भाऊ आणि ड्रायव्हर राहिले. सहा जणांची सोय होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ खचले असतील म्हणून मी मुद्दाम गेलो. ते वहीत लिहीत होते. "कल्पना बरोबर आहे," म्हणाले, "स्थळ चुकलं. आपल्याला लांब नको, उंच नको. छप्पर उघडणारी छोटी व्हॅन बघायची. पाखाडीत येईल, घडी करून पडवीत राहील."

त्या छोट्या व्हॅनचा आराखडा सध्या ओटीवर आहे. कागदावर नव्हे, जमिनीवर. भाऊंनी खडूने पुरा नकाशा काढला आहे: इथे सीट, इथे ओटा, हे दोन बिछाने मुलांचे. गेल्या शनिवारी मी गेलो, तेव्हा मापं घेणं चालू होतं. मोठीला तिच्या बिछान्यात झोपवलं. तिच्या टाचा रेघेबाहेर चार बोटं आल्या.

"पाय वर घे," भाऊ म्हणाले.

"बाबा, वहीतलं हे माप मी दुसरीत असतानाचं आहे," ती म्हणाली. "आता मी पाचवीत आहे."

भाऊंनी वहीचं पान उलटलं. धाकटा मधल्या मधे ताईच्या बिछान्यात शिरला, त्याला तो अगदी नेमका बसला. भाऊंचा चेहरा उजळला. "अहो, ऐकलंत का," त्यांनी आत हाक दिली, "एकाचं जमलं!"

आतून वहिनी म्हणाल्या, "मग आजच घ्या. जूनमध्ये त्याची पँट पण बदलायचीय."