आधी पुडिंग, मग मटण

लीड्स, रविवार रात्र

ती. आई आणि ती. आप्पा यांस साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल. आज सासूबाईंना घेऊन यॉर्कशायर डेल्समध्ये जेवायला गेलो होतो. बर्नसॉल गावचा पाच कमानींचा दगडी पूल पाहिला आणि व्हार्फ नदीच्या काठाकाठाने जरा पुढे एका जुन्या हॉटेलात शिरलो. शिरलो म्हणजे वाकून. तुमच्या जावयांचं डोकं तुळईला आपटलं, ते मग जेवण होईपर्यंत खुर्चीवरून उठलेच नाहीत.

नदीचं पाणी तपकिरी. "वरच्या अंगाला कोणी गोधड्या धुतंय वाटतं," इति सासूबाई. धूत कोणी नाही. डोंगरमाथ्यावरच्या काळ्या दलदलीतून झिरपत येतं, म्हणून तो रंग. दिसायला गरीब आहे, पण बोल्टन ॲबीच्या वरच्या बाजूला हीच बया खडकांच्या इतक्या अरुंद फटीत घुसते की कुणालाही वाटावं, मारू या उडी. त्या जागेला स्ट्रिड म्हणतात, आणि तिथे पडलेला सहसा वाचत नाही. हे मी धाकट्याला बजावून सांगितलं. त्याचं लक्ष बदकांकडे.

आता जेवण. रविवारी दुपारी इथे रोस्ट असतो: भट्टीत भाजलेलं मटण, बटाटे, गाजरं, वर ग्रेव्ही. पण ताटातलं मानाचं पान यॉर्कशायर पुडिंगचं. गोडाशी त्याचा काही संबंध नाही. मैदा, अंडी आणि दुधाचं सरसरीत पीठ धुरावलेल्या चरबीत ओततात. ते कडेने टरारून फुगतं, मध्ये खड्डा पडतो, त्यात ग्रेव्ही. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने 2008 साली जाहीर केलंय, की चार इंचांपेक्षा बुटकं असेल ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे! आपल्या पुरणपोळीच्या जाडीत अजून कोणी शास्त्रज्ञ पडलेला नाही. सासवा पुरतात.

आप्पा, खरी गंमत पुढेच. पूर्वी हे पुडिंग मटणाच्या आधी, नुसत्या ग्रेव्हीबरोबर वाढत. मटण महाग, मैदा स्वस्त. आधी पुडिंगाने पोटं भरली की मटण पुरवठ्याला येतं. वाढणाऱ्या बाईंनी हे सांगितलं, मी मराठीत सांगितलं, आणि सासूबाई फस्सकन हसल्या. "अगं, हे तर तुझ्या आप्पांचं!" आमच्या लग्नात जिलेबी कमी पडणार म्हटल्यावर तुम्ही मसालेभाताचं पातेलं घेऊन वरपक्षाच्या पंगतीत आग्रह करत सुटला होतात ना? "मला तेव्हाच संशय आला होता," म्हणाल्या. इतकी वर्षं पोटात ठेवलं बघा. मसालेभातासकट.

त्यांना अंडं-चरबी चालत नाही, म्हणून नट रोस्ट मागवला. दाणे, बिया आणि पावाचा चुरा एकत्र भाजलेली जाड वडी, ग्रेव्हीही वेगळी, बिनमांसाची. एक घास घेतला आणि पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी निघाली. तेवढ्यात त्या बाई "ऑल राइट, लव्ह?" विचारत आल्या. पुडी रुमालाखाली गडप. इथे दूधवाल्यापासून सगळे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, पण आई, सासूबाईंनी पदर सावरला. मामंजींनीही कधी म्हटलं नसावं.

शेवटी रूबार्बचा क्रंबल. रूबार्ब म्हणजे आंबट गुलाबी देठ. पानं विषारी, ती फेकायची. वेकफिल्डकडे त्याला अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात काढतात, कारण ऊन लागलं तर देठ कोवळे राहत नाहीत. सासूबाईंनी कस्टर्ड वगळून वाटी चाटूनपुसून साफ केली. जावयांनी फ्रूटकेकवर वेन्स्लीडेल चीजचा तुकडा ठेवून खाल्ला. इथली रीतच आहे तशी, आणि खरं सांगायचं तर बरं लागतं.

पत्र इथेच पुरे करते. सासूबाई स्वयंपाकघरातून बेसनाचा डबा मागताहेत. बिनअंड्याचं पुडिंग ताकात पीठ कालवून करायचंय म्हणे, आणि माझ्या शिवणाच्या पेटीतली टेपही हवीय.

तुमची,
ताई