प्रवरेकाठचं बांधकाम

आमच्या जिल्ह्यात माणसाची तारीफ करायची तर कातळाशिवाय होत नाही. जिल्हा अहमदनगरचा अहिल्यानगर झाला, पण कातळ तोच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. मात्र रस्त्यासाठी फोडलेला डोंगर जवळून पाहावा. वरचा थर मुरूम, बोटांनी चुरतो. त्याखाली गोल धोंडे, पापुद्रे सुटलेले. आणि हे केलं कुणी? पावसाच्या पाण्यानं. हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड मुरून ते किंचित आंबट होतं. एवढ्याशा आंबटपणावर अख्खा रतनगड झिजतोय. तारीफ करणाऱ्यांना हे सांगायची माझी काही टाप नाही.

रतनगडाहून निघालेली प्रवरा हा सगळा चुरा घेऊन खाली येते. वाटेत भंडारदऱ्याचं धरण १९२६ सालापासून आडवं उभं आहे, त्यामुळे हल्ली बराच गाळ तिथेच बसतो. पण धरणं नव्हती तेव्हाचा हिशेब नेवाशाला पाहायला मिळतो. तिथे नदीकाठच्या दरडीत गोट्यांचे जुने थर आहेत. त्यातला एखादा गोटा सहज उपटू म्हटलं तर नखं जातात, गोटा जागचा हलत नाही. वाळू आणि गोटे चुन्यानं पक्के जखडलेत. हा चुना आला कुठून, तर बराचसा त्याच काळ्या कातळातून! झिजताना त्यातलं कॅल्शियम पाण्यात उतरतं, आणि पाणी आटलं की गोट्यांच्या फटींत चुना होऊन बसतं. घर पाडणाऱ्या गवंड्यानंच पाडलेला माल वापरून नवं घर बांधावं, तसला हा व्यवहार. मजुरी कुणी मागत नाही, म्हणून मुदतही कुणी विचारत नाही.

डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया १९५४ मध्ये नेवाशाला उत्खननाला लागले. त्या घट्ट थरांत अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली. म्हणजे नदीनं गोट्यांबरोबर माणसाची अवजारंही, मालकाला न विचारता, भिंतीत चिणून टाकली होती.

हल्ली मात्र या बांधकामात शेतकऱ्याचा हात पडलाय. उन्हाळ्यात तलावातला गाळ ट्रॉल्या भरभरून शिवारात जातो. २०१७ पासून सरकारची तशी योजनाच आहे. लाखो वर्षं दबून राहिला असता तर कदाचित खडक झाला असता, तो थर आता उसाखाली पसरतो. मग एखाद्या वळवात बांध फुटतो, त्या गाळातला थोडा ओढ्याला लागतो, आणि शेतकरी पावसाच्या नावानं शिव्या मोजत नवी ट्रॉली सांगायला जातो.